मोकळं इंटरनेट आणि आपण नाशिककर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकमधले दहा-बारा जण आहोत. कुणी शिक्षक, कुणी वकील, दोघं सातपूरच्या कारखान्यात, एक जण मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी. २०१५ पासून एकच काम जमेल तसं करतो: इंटरनेटबद्दल सरकार किंवा ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) काही विचारतं तेव्हा लोकांना ते मराठीत समजावून सांगायचं आणि त्यांची उत्तरं मुदतीच्या आत लेखी पोचवायची. वाचनालयात, लासलगावला बाजार समितीत, लग्नकार्यात लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत.

मोकळं इंटरनेट म्हणजे नेमकं काय?

तुम्ही पैसे भरून नेट घेतलंत. आता त्यावर काय बघायचं, कुठलं अ‍ॅप वापरायचं, काय लिहायचं हे तुम्ही ठरवायचं. कंपनीने ते तुमच्या वतीने ठरवू नये, आणि सरकारला अडवायचंच असेल तर त्याने कायदा दाखवावा, कारण सांगावं, आदेश लेखी द्यावा. आमची मागणी एवढीच आहे. ती सरकारविरोधी किंवा कंपनीविरोधी आहे असं कुणाला वाटतं तेव्हा आम्ही त्यांना हा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगतो.

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द सारखा ऐकतो. सोप्या भाषेत सांगाल?

बागलाणात मोसम नदीवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि पाटकरी ते शेतांना ओळीने देत जातो. हे शेत पाटलाचं, ते एकट्या बाईचं, म्हणून तो पाळी मागेपुढे करत नाही. शेतमालकाने मध्ये हात घालायचा नाही, असा त्या गावांचा जुना दंडक आहे. तुमच्या मोबाईल कंपनीने पाटकऱ्यासारखं वागावं, हीच नेट न्यूट्रॅलिटी. पाणी सोडायचं ते सोडायचं. पलीकडे मोठ्या कंपनीचा व्हिडिओ आहे की पिंपळगावच्या एखाद्या पोराने केलेलं द्राक्षभावाचं अ‍ॅप, हे बघायचं नाही. एकाला वेगाने, दुसऱ्याला रखडत असं करायचं नाही. एकाला फुकट, दुसऱ्याला पैसे असंही करायचं नाही.

हा शब्द २००३ मध्ये टिम वू या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने रूढ केला. आपल्याकडे मराठीत कुणी ‘नेट तटस्थता’ म्हणतं, कुणी ‘नेट समानता’. आम्हाला ‘समानता’ जवळची वाटते. समोर होणाऱ्या दुजाभावाबद्दल जो गप्प बसतो त्यालाही आपण तटस्थ म्हणतो, आणि इथे तर दुजाभाव होऊच नये हा मुद्दा आहे.

२०१५ मध्ये एवढं काय झालं होतं?

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लागतील. देशभर ओरड झाली आणि तो बेत मागे घेतला गेला. मग २७ मार्च २०१५ ला ट्रायने ११८ पानांचा एक मसुदा काढला. त्यात २० प्रश्न होते. नेटवरून चालणाऱ्या सेवांना परवाना लावावा का, कंपन्यांना त्यांच्याकडून वेगळे पैसे घेऊ द्यावेत का, अशा स्वरूपाचे. उत्तरं द्यायची मुदत २४ एप्रिल. सगळं इंग्रजीत, तेही वकिली इंग्रजीत.

दिल्ली-बंगळूर-मुंबईच्या काही पत्रकारांनी, वकिलांनी, प्रोग्रामरांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाने मोहीम उभी केली. त्यांनी त्या २० प्रश्नांची उत्तरं सोप्या इंग्रजीत लिहून दिली आणि एका बटणावर ती ट्रायला पाठवायची सोय केली. दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. ज्या कामात एरवी फक्त कंपन्यांचे वकील उतरतात, तिथे इतके लोक उतरले होते.

त्यात नाशिकमधून काही झालं का?

थोडंसं झालं, आणि ते नीट सांगावंसं वाटतं. अशोक स्तंभाजवळ आमच्या एका मित्राचं डीटीपीचं दुकान होतं. एप्रिल महिना, लग्नसराई ऐन भरात. टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, डिंकाचा वास, वर फिरणारा पंखा आणि त्याने उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेले पंचिंग मशीन. रात्री दुकान बंद झालं की आम्ही सहा जण मागच्या खोलीत बसून त्या ११८ पानांचा मराठी सारांश करायचो. ‘ओव्हर द टॉप’ला मराठीत काय म्हणायचं यावर दीड तास गेला. शेवटी ‘नेटवरून चालणाऱ्या सेवा’ असंच लिहिलं, आणि सगळ्यांना ते लगेच कळलं.

एका संध्याकाळी दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ तपासायला आले होते. शेजारी पडलेला आमचा कागद त्यांनी उचलला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “म्हणजे पिंपळगावच्या टोलनाक्यावर माझ्या द्राक्षाच्या गाडीला एक टोल आणि कंपनीच्या सोयऱ्याच्या गाडीला दुसरा, असंच ना?” आम्ही म्हटलं, काका, अगदी असंच. ते खाली बसले आणि पत्र सांगायला लागले. आम्ही लिहून घेतलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: “कंपनीने कुठलं अ‍ॅप फुकट ठेवलं आहे त्यावर माझ्या मालाचा भाव ठरू नये.” ११८ पानांत इतकं नेमकं काही नव्हतं. ते पत्र आम्ही इंग्रजी भाषांतर जोडून पाठवलं. प्रूफमध्ये नवरदेवाच्या नावातली वेलांटी चुकली होती, तीही त्यांनीच पकडली.

मग निकाल काय लागला?

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: नेटवरच्या मजकुरानुसार वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. आणीबाणीच्या सेवांना सवलत ठेवली. त्याआधी एप्रिल २०१५ मध्येच फ्लिपकार्टने ‘एअरटेल झिरो’मधून, म्हणजे ठरावीक सेवा ग्राहकाला फुकट देण्याच्या एअरटेलच्या योजनेतून, अंग काढून घेतलं होतं, कारण लोकांनी जाब विचारला.

दर झाले, पण वेगाचं काय? त्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या मान्य केल्या. कंपनीच्या परवान्यातच अट आली: अडवायचं नाही, रखडवायचं नाही, कुणाला झुकतं माप द्यायचं नाही. दूरवरून शस्त्रक्रिया करण्यासारख्या काही खास सेवा त्यातून वगळल्या, आणि ते आम्हाला रास्त वाटतं.

फेसबुक गरिबांना फुकट इंटरनेट देत होतं. तुम्ही त्याला विरोध केलात. हे बरोबर होतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. म्हणून सविस्तर सांगतो.

ती योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. फुकट मिळत होत्या त्या ठरावीक साइट, त्यांच्या अटी मान्य केलेल्या. इंटरनेट त्याच्या बाहेर होतं आणि तिथे जायला पैसे लागत होते. गावात एकच रस्ता बांधायचा, तो एकाच दुकानाच्या दारात नेऊन सोडायचा आणि म्हणायचं की गावाला रस्ता दिला, असा तो प्रकार होता.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने दरांच्या भेदभावावर मतं मागवली तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना तयार मजकूर दाखवून तो ट्रायला पाठवायला सांगितलं. लाखो लोकांनी पाठवला. ट्रायने नंतर म्हटलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या मजकुरात नाहीत. आमच्यासाठी तो मोठा धडा होता. तेव्हापासून आम्ही तयार पत्र कुणाच्या हातात देत नाही. प्रश्न समजावतो, उत्तर ज्याचं त्याने लिहायचं.

आता मनातलं एक. फेब्रुवारी २०१६ मध्ये, एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीला आपण फुकटची का होईना एक खिडकी नाकारली का, हा विचार आमच्यातल्या दोघांना छळत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि त्या मुलीपर्यंत अर्धवट नव्हे, पूर्ण इंटरनेट पोचायची वाट निघाली. पण हे होणार आहे हे आम्हाला विरोध करताना ठाऊक नव्हतं. भाव कोसळले नसते तरी आम्ही तेच लिहिलं असतं, कारण गरिबाला वेगळं आणि लहान इंटरनेट असावं हे आम्हाला पटत नाही.

मग ही लढाई जिंकून झाली ना?

नाही. दूरसंचार कंपन्यांची मागणी अजून उभी आहे: ज्या अ‍ॅपमुळे नेटवर्कवर जास्त भार पडतो त्यांनी आम्हाला ‘न्याय्य वाटा’ द्यावा. जुलै २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा मतं मागवली. त्या वेळी ठरावीक अ‍ॅपवर बंदी कशी घालता येईल हाही विषय त्यात होता. वाटा द्यायची वेळ आली तर मोठी कंपनी तो देऊन मोकळी होईल. नाशिकरोडच्या खोलीत बसून अ‍ॅप करणारं पोर कुठून देणार?

अमेरिकेकडे बघा. तिथे २०१५ मध्ये नियम झाले, २०१७ मध्ये काढून टाकले, एप्रिल २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केले.

दंगल होऊ नये म्हणून सरकार नेट बंद करतं. त्यात वाईट काय?

ऑक्टोबर २०१६ आठवतो का? त्र्यंबकेश्वर तालुक्यात तळेगावला एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला आणि जिल्हा पेटला. जाळपोळ, रास्ता रोको, दोन समाजांत भीती. मोबाईल इंटरनेट बंद झालं. तणाव खरा होता, पोलिसांवर ताण होता, हे आम्ही कधीच नाकारत नाही.

त्या रात्री मी पंचवटीत घरी होतो. नेट नव्हतं, पण फोन चालू होते. त्र्यंबक रस्त्यावरच्या गावातून आत्याचा फोन आला: “अरे, सीबीएस स्टँडला गाड्या जाळल्या म्हणतात, तू बाहेर आहेस का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. शेजारच्या काकूंना त्यांच्या भावाने वेगळंच सांगितलेलं. वरच्या मजल्यावर तिसरंच. एकाच जिन्यात तीन बातम्या, आणि खरं काय ते बघायला एकही जागा नाही. आत्या रात्री पाच वेळा बोलली, दर वेळी आवाज आणखी कापरा. तिला धीर द्यायला माझ्याकडे एकही खात्रीची गोष्ट नव्हती. सकाळी पेपर आला तेव्हा कळलं की रात्री जे ऐकलं त्यातलं बरंचसं घडलंच नव्हतं.

अफवेला नेट लागत नाही, तिला भीती पुरते. ती खोडायला मात्र नेट लागतं. पोलिसांना “असं काही झालेलं नाही” हे लाखो लोकांना एका मिनिटात सांगायचं असेल तर तेही त्याच नेटवरून सांगावं लागतं, जे बंद केलेलं असतं.

आणि आता तर २०१६ पेक्षा खूप जास्त अडतं. यूपीआयने चहाचे पैसे देणारा, अ‍ॅपवर रिक्षा चालवणारा, कांद्याचा लिलाव कुठे किती निघाला हे बघून गाडी लासलगावला न्यायची की पिंपळगावला हे ठरवणारा शेतकरी, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख असलेली पोरगी. यातल्या कुणीही दगड उचललेला नसतो.

भारतात हे किती वेळा होतं?

‘अ‍ॅक्सेस नाऊ’ ही आंतरराष्ट्रीय संस्था दर वर्षी मोजदाद करते. २०१८ ते २०२३ सलग सहा वर्षं भारत जगात पहिला होता. २०२३ मध्ये ११६ वेळा, २०२४ मध्ये ८४ वेळा. २०२४ मध्ये म्यानमार एकाने पुढे होता. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ ला नेट बंद झालं आणि ४जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. आपल्या महाराष्ट्रात जून २०२३ मध्ये कोल्हापूर, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठवाड्यातले काही जिल्हे. राजस्थानात तर भरती परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद केलं गेलं आहे.

सरकारकडे मात्र याची एकत्रित नोंदच नाही, हे संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवलं. म्हणून संस्थांना आणि आपल्यासारख्यांना वह्या ठेवाव्या लागतात.

नेट बंद करायचा अधिकार कुणाला? कलेक्टरला आहे का?

जिल्हाधिकाऱ्यांना नाही. पूर्वी कलम १४४ वापरून असे आदेश निघायचे. २०१७ मध्ये वेगळे नियम झाले आणि नव्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. राज्यात हा आदेश गृह खात्याचे सचिवच काढू शकतात. अगदीच निकड असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याला काढता येतो, पण २४ तासांत वरून मंजुरी आली नाही तर तो आपोआप संपतो. एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. आदेशात कारण आणि नेमका भाग लिहायचा, आणि तो प्रसिद्ध करायचा. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच दिवसांत तो तपासायचा.

यामागे १० जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा, काश्मीरच्या नेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्यातला निकाल आहे. नेटवरून बोलणं आणि नेटवरून धंदा करणं या दोन्हींना घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर केलाच पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहात मोबाईल वापरू न देण्याच्या प्रकरणात एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला होता.

आमच्या तालुक्यात नेट बंद झालं तर आम्ही काय करायचं?

पहिल्यांदा वही काढा. कधी बंद झालं, कधी सुरू झालं, कुठल्या कंपनीचं, फक्त मोबाईल की घरचं वायफायही, कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत. कुणाचं काय अडलं तेही लिहा: नाव नको, गोष्ट हवी. मेडिकलवाल्याची ऑर्डर गेली नाही, भाजीवाल्या मावशींना उधार लिहावं लागलं. कंपनीकडून आलेला एसएमएस खोडू नका.

नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज. राज्याच्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. “नेट का बंद केलंत?” असं विचारू नका, त्यावर उत्तर मिळत नाही. “अमुक तारखेच्या सेवा स्थगितीच्या आदेशाची प्रत, तो कुठे प्रसिद्ध केला त्याचा तपशील, आणि पुनर्विलोकन समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत” असं मागा. ३० दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आपल्याकडे नाशिकलाच आहे.

आमच्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयाने “सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही” एवढंच कळवलं होतं. कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे असा अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तेवढंच कलम लिहून आम्ही अपील केलं आणि अर्ज हलला.

कुंभमेळ्यात नेट चाललं नाही तर ती बंदी समजायची का?

लगेच समजू नका. रामकुंडावर पर्वणीला लाखो फोन एका टॉवरवर आले की नेट गुदमरतं. तेव्हा ते हळू असतं, येत-जात असतं आणि थोडं लांब, आडगाव किंवा सातपूरकडे गेलं की सुधारतं. आदेशाने बंद केलं की सगळ्या कंपन्यांचा मोबाईल डेटा एकाच वेळी, एकाच हद्दीत, पूर्ण जातो. वहीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळं लिहा. चुकीचा आरोप एकदा केला की पुढचा खरा आरोपही कुणी ऐकत नाही.

फेसबुकवर लिहिलं म्हणून पोलीस उचलतात का?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती; त्यातल्या एकीने ती पोस्ट फक्त ‘लाइक’ केली होती. त्या प्रकरणानंतर नेटवर ‘आक्षेपार्ह’ लिहिण्याला शिक्षा सांगणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी पोलीस ठाण्यांत ते वापरलं जात राहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ६६अ खाली कुणावरही खटला चालवायचा नाही.

आज नोटीस आली तर ती लेखी मागा आणि तिच्यावर कुठलं कलम आहे ते वाचा. ६६अ असेल तर लगेच वकिलाला दाखवा. दुसरं कलम असेल तरी वकिलाशिवाय जबाब देऊ नका आणि घाबरून पोस्ट खोडण्याआधी तिचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि हेही स्पष्ट बोलतो: एखाद्या समाजाला मारा-जाळा असं लिहिणाऱ्याच्या मागे आम्ही उभे राहत नाही.

एखादी साइट अचानक उघडेनाशी होते. कुणी बंद केली हे कळतं का?

बहुधा नाही, आणि आमचं खरं दुखणं तेच आहे. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार साइट किंवा पोस्ट अडवू शकतं आणि २००९ च्या नियमांतला १६ वा नियम हे सगळं गोपनीय ठेवतो. ज्याचं लिखाण गेलं त्यालाही पुष्कळदा आदेश मिळत नाही. अलीकडे ‘सहयोग’ पोर्टलवरून वेगवेगळी खाती थेट कंपन्यांना मजकूर काढायला कळवतात. त्यात ६९अ खाली समितीने आधी तपासायची जी पायरी असते तीही राहत नाही.

पण न्यायालयात दाद मिळते. सरकारबद्दलचं काय खोटं हे सरकारी ‘फॅक्ट चेक’ कक्षाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि संपादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

मोकळं म्हणजे मुलांनी वाटेल ते बघायचं का?

नाही. मुलांनी काय बघावं हे आईवडिलांनी आणि शिक्षकांनी ठरवावं, फोनमध्ये त्याच्या सोयी आहेत. दिल्लीतल्या खोलीतून सगळ्या देशासाठी एकच यादी निघाली तर त्यात मुलांच्या नावाखाली मोठ्यांचंही बरंच काही जातं.

खाजगीपणाचा याच्याशी काय संबंध?

कुणी बघतंय असं वाटलं की माणूस मोकळेपणाने शोधतही नाही, लिहीतही नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांबरोबर तो बदल लागू झाला. ‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून अर्ज फेटाळणं आता सोपं झालं आहे. रेशनच्या यादीत खोटी नावं शोधणाऱ्या, रोजगार हमीच्या हजेरीपटाची प्रत मागणाऱ्या कार्यकर्त्यांना याचा फटका बसतो. सामान्य माणसाचं खाजगीपण राखायचं आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब झाकायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही पहिलीच्या बाजूने आणि दुसरीच्या विरोधात आहोत.

सुरगाणा, पेठकडे रेंजच नाही. तिथल्या लोकांना हे सगळं कशाला?

त्यांचंच दुखणं सगळ्यात जुनं आहे. नेट बंद झालं की शहरात बातमी होते. तिथे ते रोजच बंद. रेंजसाठी टेकडीवर जाणारी मुलं लॉकडाऊनमध्ये आम्ही पाहिली आहेत. म्हणून ग्रामसभेत टॉवरची आणि सरकारच्या भारतनेट योजनेतल्या फायबरची मागणी ठराव करून घेणं हेही आमचं काम आहे. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सहीशिक्क्यासह घ्या. तोंडी मागणीला कुठेही जावक क्रमांक मिळत नाही.

यात मराठीचा काय संबंध?

मोठा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून लोकांनी फुकट लिहिला, कुणाची परवानगी न मागता. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळतं. हे सगळं मोकळ्या नेटवरच उगवतं. जिथे जागेचं भाडं लागतं तिथे आधी इंग्रजी आणि हिंदीची दुकानं लागतात. आणि सरकारचे मसुदे मराठीत यावेत ही मागणी आम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहितो. २०१५ पासून लिहितो आहोत.

मला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही. माझा काय उपयोग?

वर सांगितलेल्या बागायतदार काकांना तरी काय कळत होतं? तुम्हाला तुमचा धंदा कळतो, तुमचं गाव कळतं. नेट महाग झालं, बंद झालं, एकाच कंपनीच्या मुठीत गेलं तर तुमच्या कामाचं काय होईल हे दुसरं कुणी लिहू शकत नाही.

तुमच्यामागे कुठला पक्ष आहे? पैसे कोण देतं?

कुठलाच नाही. झेरॉक्स आणि चहाचा खर्च आम्ही वर्गणी काढून करतो.

ट्रायला किंवा मंत्रालयाला पत्र कसं लिहायचं?

मसुद्याचं नाव आणि तारीख सर्वात वर. मग तुम्ही कोण, काय करता, हे दोन ओळींत. त्यानंतर प्रश्न क्रमांक लिहून त्याच्याखाली उत्तर. सगळ्या प्रश्नांना उत्तर द्यायची सक्ती नाही, एकालाच दिलंत तरी चालतं. स्वतःचं एक उदाहरण द्या, आकडा माहीत असेल तर तोही. राग आला असेल तर पहिला खर्डा रागात लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा.

आलेली मतं ट्राय प्रसिद्ध करतं. २०१५ मध्ये ती ई-मेल पत्त्यांसकट प्रसिद्ध झाली होती, म्हणून वेगळा ई-मेल पत्ता वापरा आणि मजकुरात फोन नंबर, घरचा पत्ता घालू नका. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मुदत वाढवून मागता येते, तीही लेखी मागा.

हाताने लिहिलेलं पत्र चालतं का?

चालतं. स्वच्छ अक्षरात लिहा, फोटो काढून ई-मेलला जोडा आणि मूळ कागद स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती सांभाळून ठेवा. आमच्याकडे २०१५ पासूनच्या सगळ्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि अपिलाच्या वेळी त्या डब्याचा दोनदा उपयोग झाला आहे.